हात शिवशिवतात तेव्हा: त्वचा खुडण्याच्या सवयीवर काम कोणत्या क्रमानं करावं

नखं मुळापर्यंत कापली, आरशावर कागद चिकटवला, 'उद्यापासून एकदाही नाही' असं देवापुढे बोलूनही झालं. तिसऱ्या रात्री बाथरूममधून बाहेर पडताना हनुवटीवर चार नव्या जखमा. ज्यांना हा चाळा आहे त्यांना हे सगळं पाठ असेल. इच्छाशक्ती कमी पडली असं घरचे म्हणतात, आपणही म्हणतो. बहुतेक वेळा चुकलेला असतो तो क्रम. 'बंद करणं' ही शेवटाकडची पायरी आहे आणि लोक ती पहिल्या दिवशी चढायला जातात.

मुरूम फोडणं, खपल्या काढणं, ओठांची सालं ओढणं, नखाकडेची कातडी कुरतडणं, टाचा सोलणं, दंडावरचे बारीक दाणे किंवा डोक्यातल्या खपल्या खरवडणं यातलं थोडंफार सगळेच करतात. वारंवार जखमा होतात, थांबायचं ठरवूनही थांबता येत नाही, वेळ जातो, बिनबाह्यांचे कपडे आणि लग्नकार्यं टाळली जातात, तेव्हा त्याला आजार म्हणतात. २०१३ साली आलेल्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या अमेरिकी सूचीत, त्याचं नाव एक्स्कोरिएशन डिसऑर्डर असं आहे आणि तो ओसीडीच्या, म्हणजे तेच विचार आणि त्याच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या आजाराच्या, जवळच्या गटात मोडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या सूचीत, आयसीडी-११ मध्येही तो आहे. डॉक्टरांपुढे बसल्यावर हे नाव उपयोगी पडतं, म्हणून आधीच सांगितलं.

खालचे टप्पे दिलेल्या क्रमानंच घ्यावेत. एकेका टप्प्याला आठवडा-दोन आठवडे लागतात. घाई केलीत तर पुन्हा तिसऱ्या रात्रीपाशीच याल.

टप्पा १: खाज आधी की हात आधी?

एकदोन दिवस फक्त एवढंच बघा. आधी खाज सुटते आणि मग हात जातो, की खाज नसतानाच बोटं काहीतरी शोधत फिरतात?

खाज आधी असेल तर पहिली भेट त्वचारोगतज्ज्ञांची. बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, कमरेला खाज, रात्री जास्त, घरात आणखी कोणाला तरी तीच तक्रार, असं असेल तर खरूज असू शकते आणि तिचे उपचार वेगळे आहेत. इसब, कोंडा, थंडीतली कोरडी त्वचा यांनीही हात जातो. पुरळ काहीच नाही पण अंगभर खाज असेल तर थायरॉईड, यकृत, मूत्रपिंडाच्या तपासण्या करून घ्याव्या लागतात. एडीएचडीसाठी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) दिल्या जाणाऱ्या काही उत्तेजक औषधांनी खुडणं वाढू शकतं. तशी शंका आली तर डॉक्टरांना सांगा. गोळी आपल्या मनानं बंद करू नका.

मुरूम असतील तर त्यांचे उपचारही याच टप्प्यात सुरू करा. चेहऱ्यावर फोडण्यासारखं कमी उरलं की पुढचं काम हलकं होतं. मुरमांवर आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर ओठ फार कोरडे पडतात आणि चाळा ओठांवर सरकतो. लिप बाम पहिल्या दिवसापासून हवाच.

सावधान: मेडिकलवाल्यानं 'डागांसाठी चांगली आहे' म्हणून दिलेली ट्यूब उलटून वाचा. बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी काही लिहिलं असेल तर त्यात स्टेरॉइड आहे. चेहऱ्यावर ते महिनोन्‌महिने लावल्यानं त्वचा पातळ होते आणि नवे फोड येतात, म्हणजे हाताला आणखी काम. बरेच दिवस लावत असाल तर ती कशी सोडायची हे डॉक्टरांना विचारा. एकदम सोडली की चेहरा भडकू शकतो.

टप्पा २: जखमेचा डबा भरून ठेवा

बंद करायच्या आधीच जखमेची तयारी? हो. पुढचे काही आठवडे जखमा होणारच आहेत. त्या नीट भरल्या तर पुढची खपली तयार होत नाही, आणि खुडायला सर्वात जास्त मोह खपलीचाच होतो.

डब्यात एवढंच ठेवा: सौम्य साबण, सलाईनची छोटी बाटली (नसेल तर नळाचं स्वच्छ पाणी चालतं), पेट्रोलियम जेलीची ट्यूब, हायड्रोकोलॉइडच्या चकत्या (दुकानात 'पिंपल पॅच' म्हणून मागा), आणि हातानं फाटणारी मायक्रोपोर पट्टी. जेली डबीतली नको, डबीत खरकटी बोटं जातात. कात्री, चिमटा, सुई यातलं काहीही या डब्यात ठेवू नका.

जखम धुवायची, टिपायची, जेलीचा पातळ थर द्यायचा आणि झाकायची. चकती लावणार असाल तर खाली जेली नको, चिकटत नाही. जखम ओलसर राहिली की कडक खपली धरत नाही, आणि वर चकती असली की बोटाला कडच सापडत नाही. चकतीचा हा दुसरा फायदा पहिल्याइतकाच मोठा आहे.

हळद लावायची नाही. यावर घरात वाद होईल. स्वयंपाकाच्या डब्यातली हळद निर्जंतुक नसते, आणि वाळली की जखमेवर तिचं कवच धरतं. ते कवचच पुन्हा खुडलं जातं. टूथपेस्ट, लिंबू, पाणी न घातलेलं डेटॉल हेही नको.

आपल्याकडच्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर जखम भरल्यानंतर काळसर डाग उरतो आणि तो जायला काही महिने लागतात. डाग ही जखम नव्हे. तो खरवडून निघत नाही, उलट गडद होतो. भरलेल्या त्वचेवर सकाळी किमान एसपीएफ ३० चं सनस्क्रीन लावा.

सावधान: जखमेभोवतीची लाली पसरत चालली, जागा गरम लागली, पू आला, ठणका वाढला, लाल रेघ वर सरकताना दिसली किंवा ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. अशा जखमेवर चकती चिकटवू नका. नाकाच्या मुळापासून ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांपर्यंतचा त्रिकोण विशेष जपायचा, कारण तिथला संसर्ग क्वचित का होईना डोळ्यांमागे, मेंदूच्या दिशेनं जाऊ शकतो. मधुमेह असेल तर पायाच्या कोणत्याही जखमेला वाट पाहणं नाही. सुई-पिन वापरली असेल तर धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते डॉक्टरांना सांगा.

डब्याच्या झाकणावर आतून एक कागद चिकटवा. हात घसरल्यावर काय करायचं ते त्यावर पाच ओळींत: हात धुवा. जखम धुवा. झाका. वहीत एक ओळ लिहा. त्या खोलीतून बाहेर या. त्या क्षणी डोकं चालत नाही, म्हणून लिहून ठेवायचं.

टप्पा ३: आठवडाभर फक्त नोंद, थांबवायचं काही नाही

हा टप्पा सगळे गाळतात. 'मला माहीत आहे मी कधी करते' असं वाटतं, आणि आठवड्याची वही उघडल्यावर निम्मं माहीत नव्हतं हे कळतं.

साधी वही, दिवसाला दोन-तीन नोंदी. परिपूर्णतेचं वेड असलेल्यांना इथे चार रंगांची एक्सेल शीट बनवायची हुक्की येते. नको. शीट सुंदर होते, तीन दिवस भरली जाते आणि चौथ्या दिवशी एक रकाना राहिला म्हणून सोडून दिली जाते. अर्धवट भरलेली वही पूर्ण उपयोगाची असते.

नोंद अशी दिसावी:

'रात्री ११.२०, बाथरूम. दात घासायला गेले. उद्याचं प्रेझेंटेशन डोक्यात. हनुवटीवर बोट फिरवलं, एक दाणा खडबडीत लागला. तेवढाच सपाट करायचा होता. बाहेर आले तेव्हा १२ वाजून गेले होते.'

'दुपारी ३, अभ्यासिका. वाचत होतो. पान उलटताना अंगठ्याला रक्त दिसलं. कधी सुरू झालं कळलंच नाही.'

या दोन नोंदींतला फरक नीट बघा. पहिलीत माणूस शोधून, ठरवून, काहीतरी दुरुस्त करायला बसला आहे. दुसरीत हात स्वतःच चालला आहे, मनाला पत्ता नाही. बहुतेकांत दोन्ही प्रकार असतात, पण त्यांचे उपाय वेगळे. नकळत होणाऱ्याला बोटावरची पट्टी थांबवते. ठरवून होणाऱ्यापुढे पट्टी टिकत नाही, तो ती काढून बाजूला ठेवतो आणि काम सुरू करतो.

प्रत्येक नोंदीत पाच गोष्टी याव्यात: वेळ आणि जागा, त्याआधी काय चाललं होतं, बोट काय शोधत होतं (कड, दाणा, ओलसरपणा, सुटं साल), मनातलं वाक्य, आणि नंतर कसं वाटलं. चिंता हे एकच कारण धरून बसू नका. कंटाळा, थकवा, टीव्हीपुढची रात्र, संपलेला फोन कॉल यांतही हात तितकाच जातो.

नेहमीची चूक: रोज जखमा मोजणं आणि फोटो काढणं. फोटोसाठी चेहरा जवळून बघावा लागतो, आणि जवळून बघितलं की काहीतरी सापडतंच.

तपासणी: आठवड्यानंतर ही तीन वाक्यं न अडखळता पूर्ण करता येतात का? 'माझा हात सर्वात जास्त जातो ती जागा आणि वेळ...' 'बोट शोधतं ते...' 'सुरू होण्याआधी हाताची पहिली हालचाल...' तिसरं अडलं तर आणखी चार दिवस नोंद. पुढचं सगळं या पहिल्या हालचालीवर उभं आहे: गालावर तळहात टेकणं, केसांतून बोटं फिरवणं, अंगठ्यानं तर्जनीची कड चाचपणं.

टप्पा ४: जागा बदला

आता वहीतल्या पहिल्या दोन जागा घ्या. दोनच. घरभर बदल केलेत तर आठवड्यात सगळे मागे घ्याल.

बाथरूम असेल तर: आरशावरची पांढरी ट्यूबलाइट बदलून पिवळा, मंद दिवा लावा. आरशासमोर उभं राहायची जागा जमिनीवर चिकटपट्टीनं आखा, हात लांब केल्यावर आरशाला टेकणार नाही इतकी मागे. मोठं करून दाखवणारा गोल आरसा घराबाहेर गेला पाहिजे, कपाटाच्या वरच्या खणात नव्हे. फोनचा सेल्फी कॅमेरा हाही आरसाच आहे हे लक्षात असू द्या, आणि इमारतीच्या लिफ्टमधलाही. दात घासणं शक्य असेल तर बाहेरच्या बेसिनवर. आत जाताना फोनवर सात-आठ मिनिटांचा गजर लावा आणि फोन बाहेर ठेवा, म्हणजे तो बंद करायला बाहेर यावंच लागेल.

चिमटा, पिन, ब्लॅकहेड काढायची सळई टाकून द्या. 'भुवयांसाठी लागतो' हे कारण असेल तर चिमटा आईकडे किंवा रूममेटकडे ठेवायला द्या.

अभ्यासाची किंवा ऑफिसची खुर्ची असेल तर: कोपर टेबलावर टेकू नये अशी खुर्चीची उंची करा, कोपर टेकलं की तळहात गालावर जातोच. ज्या दोन बोटांनी खुडता त्यांच्या टोकांना मायक्रोपोर गुंडाळा. मुंबई-कोकणच्या दमट हवेत साधी बँडेज पट्टी तासाभरात सुटते आणि तिची सुटलेली कड हाच नवा चाळा होतो. नोटा मोजताना बँकेत बोटाला लावतात ती रबरी टोपी स्टेशनरीच्या दुकानात मिळते. टंकताना त्रास होतो, वाचताना उत्तम. शिवणकामाचं अंगुस्तानही चालतं.

हात-पाय असतील तर: घरात पातळ सुती पूर्ण बाह्या, रात्री पायमोजे. आंघोळीनंतर लगेच मॉइश्चरायझर, म्हणजे सुटी सालं कमी होतात. वॅक्सिंगनंतर केस आत वळून दाणे येत असतील तर काही महिने वॅक्सिंग थांबवा. पार्लरमध्ये 'ब्लॅकहेड काढून देऊ का' विचारलं तर नाही म्हणायचं. दुसऱ्यानं दाबून काढलेला दाणाही घरी आल्यावर बोटांना बोलावतो.

नखं आखूड ठेवा आणि कानशीनं गोल करा. त्यानं जखम उथळ होते, इतकाच त्याचा उपयोग.

टप्पा ५: हाताला दुसरं काम द्या

नेथन अझ्रिन आणि ग्रेगरी नन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ साली सवय उलटवण्याची एक पद्धत मांडली, हॅबिट रिव्हर्सल. या प्रकारच्या सवयींवर आजही मुख्यतः तीच वापरतात. तिचा गाभा सोपा आहे: हात जायची पहिली हालचाल ओळखायची आणि त्याच क्षणी, खुडणं शक्यच होणार नाही अशी दुसरी कृती करायची.

कृती निवडताना तीन अटी. ती करताना खुडता येता कामा नये. चारचौघांत विचित्र दिसू नये. त्यासाठी कुठलीही वस्तू लागू नये. मुठी हलक्या आवळून मांडीशेजारी ठेवणं, हाताची घडी घालून पंजे काखेत दाबणं, दोन्ही तळहात मांडीखाली घेणं यांपैकी एक निवडा आणि तीच ठेवा. रोज नवी शोधली तर हाताला वळण लागत नाही.

१. आधी कोरडी तालीम. शिवशिव नसताना, दिवसातून चार-पाच वेळा हात मुद्दाम हनुवटीकडे न्या, अर्ध्यावर थांबा, मूठ आवळा, किमान एक मिनिट धरा. हसू येईल. तरी करा.

२. मग खरी वेळ. हात निघाला की मूठ. एक मिनिट. शिवशिव उरली असेल तर आणखी एक, मग आणखी एक.

३. खुडणं सुरू झाल्यावर लक्षात आलं तरी तिथेच थांबून मूठ. 'आता सुरू केलंच आहे तर हा एवढा पूर्ण करते' हे वाक्य ऐकू येईल. अर्धवट सोडलेला दाणा दिवसभर डाचतो. त्या डाचण्यालाच सोसायला शिकणं हे या टप्प्याचं अवघड काम आहे.

शिवशिव वाढते, शिखराला जाते आणि काही न करताही उतरते. नेहमी आपण शिखरावरच हार मानलेली असते, त्यामुळे ती उतरते हे बघितलेलंच नसतं. एकदा घड्याळ लावून बघा.

मुठीनंतर बोटांना त्यांच्या आवडीचं काही द्या. वहीत 'बोट काय शोधतं' लिहिलंय ते इथे कामाला येतं. साल ओढण्याची मजा हवी असेल तर प्लास्टिकच्या जाड कागदावर फेव्हिकॉलचा थर वाळवून तो सोलायचा. बिरड्यासाठी भिजवून मोड आणलेले वाल सोलणं हा तर त्याचा राजा आहे: बोटात धरलेला वाल हलकेच दाबला की साल निसटते, डाळिंबी बाहेर येते, आणि घरी कोणी 'काय करतेस' म्हणत नाही. लसूण, भिजवलेले बदाम, मटार, वाती वळणं, क्रोशा हे सगळं चालतं. टोकदार काही चाचपायचं असेल तर खिशात खडबडीत खडा किंवा रुद्राक्ष ठेवा. फक्त एक काळजी: या वस्तू जिथे हात जातो तिथेच हव्यात, टीव्हीच्या खुर्चीवर, अभ्यासाच्या टेबलावर. कपाटातला खडा कोणी उठून आणत नाही.

तपासणी: दोन आठवड्यांनी हात अर्ध्यावर असताना लक्षात येण्याचं प्रमाण वाढलंय का? वाढलं असेल तर पद्धत चालते आहे, जखमा अजून होत असल्या तरी.

टप्पा ६: 'एवढं एक नीट करू दे'

ठरवून खुडणाऱ्यांचं खरं इंजिन इथे आहे. भिंतीचा सुटलेला पोपडा काढायला जावं आणि कड सरळ करता करता हातभर भिंत उघडी पडावी, तसं हे चालतं. हेतू दुखापतीचा नसतो. हेतू असतो सपाट, स्वच्छ, एकसारखं करण्याचा. म्हणून 'स्वतःला त्रास का करून घेतेस' या प्रश्नाला उत्तर मिळत नाही, कारण करणारीच्या मते ती दुरुस्ती करत असते.

हे वेड फक्त त्वचेपुरतं नसतं. तोच माणूस तीन ओळींची मेल पाच वेळा वाचतो, एक शब्द खोडला म्हणून पान फाडतो, पाहुणे यायच्या आधी चादर तीनदा झटकतो. थेट चेहऱ्यावर लढाई सुरू करण्यापेक्षा या किरकोळ जागी सराव करणं सोपं आहे.

कागदावर पायऱ्या लिहा, सोप्यापासून अवघडापर्यंत. उदाहरणार्थ: चादरीचा एक कोपरा दिवसभर वाकडा ठेवणं. घरच्या ग्रुपवर टंकनाची चूक तशीच पाठवणं. ऑफिसची साधी मेल एकदाच वाचून पाठवणं. नखरंगाचा एक टवका उडालेला असताना बाजारात जाऊन येणं. एक उघडा मुरूम न लपवता वाण्याकडे जाणं. दाण्यावर बोटाची मागची बाजू फिरवून 'आहे' एवढं म्हणणं आणि हात खाली घेणं.

प्रत्येक पायरीआधी एक ओळ लिहा: 'काय होईल असं वाटतंय?' नंतर दुसरी: 'काय झालं?' वाण्याकडे जाऊन आल्यावर दुसऱ्या ओळीत बहुधा 'पाव किलो रवा आणला' एवढंच लिहायला उरतं. पायरी सोपी होईपर्यंत तीच पुन्हा, मग वरची.

नेहमीची चूक: बरं होण्याचीच परीक्षा करून टाकणं. 'सलग २१ दिवस' असे मोजणारे ॲप या आजारात फार घात करतात. बाराव्या दिवशी एक खपली निघाली की आकडा शून्यावर येतो आणि मन म्हणतं, गेलंच सगळं, आता आज मनसोक्त. त्या एका तासात जितकं नुकसान होतं तितकं आधीच्या बारा दिवसांत मिळून झालेलं नसतं. मोजायचंच असेल तर 'हात अर्ध्यावर थांबला' ते प्रसंग मोजा. तो आकडा कधी मागे जात नाही.

टप्पा ७: काळजीला वेळ ठरवून द्या

थोडक्यात सांगतो, कारण यावर बाकी ठिकाणी भरपूर सल्ला मिळतो. संध्याकाळी ठरावीक १५-२० मिनिटं, वही घेऊन, उद्याच्या काळज्या लिहायच्या. ज्यावर काही करता येईल त्यापुढे एक कृती, बाकीच्यांपुढे काहीच नाही. रात्री बाथरूममध्ये काळजी आली तर 'उद्या सातला' एवढंच म्हणायचं. श्वास आत घ्यायला जितका वेळ, त्याच्या जवळपास दुप्पट वेळ सोडायला, असे पाच-सहा श्वास. चार वाजल्यानंतरचा चहा-कॉफी कमी करून बघा. आणि झोप: वहीतल्या वाईट नोंदींच्या वेळा बघा, बऱ्याचशा रात्री अकरानंतरच्या निघतात. साडेदहाला दात घासून मोकळं होणं हा कंटाळवाणा पण खरा उपाय आहे.

टप्पा ८: घरच्यांना नेमकं काम द्या

'हात काढ!' ही हाक घरोघरी ऐकू येते आणि ती उलटी पडते. लाज वाटते, माणूस दार लावून घेतो आणि दाराआड वेळ जास्त मिळतो. घरच्यांना हा लेख वाचायला देण्यापेक्षा सरळ सांगा: 'आई, तू टोकलंस की मला जास्त होतं. हात गेलेला दिसला तर काही न बोलता माझ्या हातात ही वाटाण्याची परडी दे.' भावंडांशी एखादा खुणेचा शब्द ठरवता येईल, पाहुण्यांसमोरही वापरता येईल असा. दिवसातून किती वेळा आठवण करायची हेही आधीच ठरवा. जखमांवर शेरे नाहीत, 'आज चेहरा छान दिसतोय' हेही नको. कौतुकानंही लक्ष चेहऱ्यावरच जातं.

मुलांच्या बाबतीत नोंदवही आईवडिलांनी ठेवावी, मुलाला माहीत असू द्यावं, आणि शिक्षा-बक्षीस जखमांवर लावू नये.

टप्पा ९: मदत कोणाकडे आणि काय बोलायचं

वरचे टप्पे दोन-तीन महिने करूनही फरक नसेल, रोज तासभर जात असेल, जखमांत वारंवार संसर्ग होत असेल किंवा मन सतत खचलेलं असेल तर मनोविकारतज्ज्ञ. थांबायची गरज नाही, आधीही जाता येतं. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मनोविकार विभागाची ओपीडी असते. त्वचारोगतज्ज्ञांना मात्र पहिल्याच भेटीत खरं सांगा: 'हे मी स्वतः खुडते, मला थांबवता येत नाही.' ते न सांगता 'पुरळ येतं' म्हटलं की नुसती मलमं मिळतात आणि सहा महिने जातात. कपड्याखालच्या जागाही दाखवा. वही सोबत न्या.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट निवडताना भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची, नोंदणी आहे का ते विचारा, आणि हॅबिट रिव्हर्सल करता का, हेही. 'बोलून मोकळं व्हा' एवढ्यानं हा चाळा सहसा सुटत नाही.

औषधांत सोबतच्या चिंता-नैराश्यासाठी एसएसआरआय या नैराश्यावरच्या औषधांच्या गटातली औषधं देतात. एन-ॲसिटिलसिस्टिन हे मूळचं कफ पातळ करणारं औषध. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत ६६ प्रौढांना १२ आठवडे ते किंवा प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली गोळी, दिली होती. ठळक सुधारणा औषध घेतलेल्या ४७ टक्के लोकांत दिसली, प्लासिबोवर १९ टक्के. म्हणजे विचारण्यासारखं आहे, पण ते सगळ्यांना लागू पडत नाही. विनाचिठ्ठी मिळालं तरी आपल्या मनानं सुरू करू नका, विशेषतः दमा असेल तर.

सावधान: खुडताना दुखवण्याचाच हेतू येऊ लागला किंवा जगणं नको वाटू लागलं तर तो वेगळा आणि तातडीचा विषय आहे. टेली-मानसचा क्रमांक १४४१६. भारत सरकारची ही सेवा चोवीस तास आहे, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. जवळच्या माणसालाही लगेच सांगा. जिवाला धोका वाटत असेल तर थेट रुग्णालयाच्या अपघात विभागात जा.

टप्पा १०: घसरणीच्या तारखा आधीच लिहा

काही महिने बरे गेले की डबा मागे सरकतो, पट्टी संपते, पिवळा दिवा जातो आणि त्या जागी पुन्हा ट्यूबलाइट येते. म्हणून महिन्याच्या पहिल्या रविवारी दहा मिनिटं: डब्यात काय संपलं, आरशाची खूण जागेवर आहे का, फेव्हिकॉल वाळून गेला का.

आणि पुढच्या सहा महिन्यांचं कॅलेंडर उघडून धोक्याच्या तारखांवर खूण करा. एमपीएससीची पूर्वपरीक्षा, अप्रेझल, पाळीच्या आधीचा आठवडा, घरातलं लग्न. लग्नाचं विशेष: आठ दिवस आधी फेशियल, ब्लीच, वॅक्सिंग, जवळून काढलेले फोटो आणि 'चेहऱ्याला काय झालं गं' विचारणाऱ्या काकू हे सगळं एकदम येतं. त्या आठवड्यात नवं क्रीम, नवं पार्लर काही नाही. बोटांना पट्टी कार्यालयात जाईपर्यंत, पिशवीत चकत्या, आणि काकूंसाठी एक वाक्य तयार: 'उपचार चालू आहेत काकू, जेवलात का तुम्ही?'